चार बोटं मागे

दिनू मेस्त वाळूत पालथा पडला होता. एक गाल वाळूला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि दुसऱ्या डोळ्याने तो समोर गुडघाभर पाण्यात तरंगणाऱ्या माझ्या होडीकडे बघत होता. होडी त्यानेच बांधलेली. पाण्यात उतरून तिला जेमतेम आठ दिवस झाले होते.

"मागे बसता," तो म्हणाला.

"ता माका पण दिसता. कित्याक बसता?"

दिनू उठला, गालाची वाळू झटकली, पाण्यात उतरला आणि हातातली चहाची बशी होडीच्या मधल्या फळीवर ठेवली. चहा मागच्या कडेकडे सरकला आणि फळीवर सांडला. दिनूने बशी उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

"चार बोटां," तो म्हणाला. "पण होडयेत दोष नाय, वासू. मी केलेली होडी आसा ती. हय समुद्र मागच्या बाजूक जरा खोल आसा."

मग आम्ही दोघांनी मिळून होडी उलटी फिरवली, तिचं तोंड किनाऱ्याकडे केलं. ती तशीही मागेच बसली.

"बघ," दिनू म्हणाला, "आता ह्या बाजूक खोल झालो."

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. आता हसू येतं, पण त्या वेळी माझा जीव टांगणीला लागला होता. मी रत्नागिरीची नोकरी सोडून आलो होतो. आंब्याचा रस डब्यात भरण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. डोक्यावर पंखा, पायात बूट, सगळं होतं. पण खिडकीतून खाडीचा एक तुकडा दिसायचा आणि तो बघत मी दिवसभर उभा राहायचो. सहा वर्षं तसा राहिलो आणि मग गावी येऊन दिनूला होडी बांधायला सांगितली.

माझे बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणजे अगदी बंद नाही. ते माझ्या बायकोमार्फत बोलायचे. मी समोर बसलेला असलो तरी म्हणायचे, "शेवंते, तेका सांग, भात निवता." आणि शेवंतीही हातातलं काम टाकून माझ्याकडे वळून सांगायची, "भात निवता म्हणतत." मी म्हणायचो, "ऐकलंय." ती परत तिकडे वळायची, "ऐकल्यानी म्हणतत." असं जेवण व्हायचं.

बाबा एके काळचे तांडेल. म्हणजे होडीचा मालकही तेच आणि सुकाणूही त्यांच्याच हातात. त्याच्या चौदा वर्षं आधी त्यांच्या होडीवर मागून लाट चढली आणि बाळकाका, त्यांचा धाकटा भाऊ, गेला. बाबा पोहत आले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी होडी विकली आणि पुन्हा समुद्रात पाय घातला नाही. नंतर अंगावरून वारा जाऊन डावा हात लुळा पडला. आमच्या घरात बाबा, बाळकाकांची बायको चंद्राकाकी, मी आणि शेवंती, एवढीच माणसं.

माझी होडी मागे बसते हे कळल्यावर बाबांनी ओट्यावरून, चार लोक ऐकतील अशा आवाजात शेवंतीला सांगितलं, "तेका सांग. नारळी पुनवेक दर्यात नारळ सोडूच्या टायमाक होडी सरळ बसली तर जा म्हणावा खुशाल. मागे बसली तर विकूची नि रत्नागिरीचो रस्तो धरूचो."

कारखान्याचा मालक भला माणूस होता. त्याने माझी जागा अजून भरली नव्हती.

मला राग आला. "शेवंती, बाबांका सांग, कबूल."

"कबूल म्हणतत," शेवंतीने सांगितलं. पुनवेला अठरा दिवस होते.

मी कामाला लागलो. होडी वाळूवर ओढून बुडाचा प्रत्येक सांधा तपासला, कुठे पाणी झिरपतं का ते पाहिलं. कुठेच झिरपत नव्हतं. नांगर पुढे नेला, जाळी पुढे रचली, बर्फाची पेटी पुढे सरकवली. होडी दोन बोटं सावरली. मला हायसं वाटलं. चार दिवसांनी बघतो तर पुन्हा चार बोटं मागे.

मग पास्कूला बोलावलं. पास्कू म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचा इंजिनाचा मेकॅनिक, देवळाच्या मागच्या ख्रिस्तांव वाडीतला. कानावर पेन्सिल आणि खिशात पाना असल्याशिवाय तो चर्चमध्येही जात नसे. त्याने होडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला.

"इंजिन जड आसा."

"मग?"

"काढूया."

इंजिन मागच्या बाजूला लावलेलं. ते काढल्यावर होडी लगेच वर आली. पास्कूने ते घरी नेलं, पुसलं, धुतलं, दोन दिवसांनी आणून पुन्हा बसवलं. होडी पाच बोटं खाली गेली.

पास्कूने इंजिन चारी बाजूंनी चाचपून पाहिलं. "वासू," तो हळूच म्हणाला, "हेणा दोन दिवसांत वजन घेतल्यान."

"इंजिन काय जेवता?"

"तसा नाय. पण कायतरी आसा."

आम्ही इंजिन रेशनच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. वजन पुस्तकात छापलं होतं तेवढंच भरलं, किलोभरही इकडेतिकडे नाही. दुकानदार म्हणाला, "आता इलंसच काट्यार, तर तू पण उभो रव." मी उभा राहिलो. रत्नागिरीच्या सहा वर्षांत माझं वजन चांगलंच वाढलं होतं, आणि तांडेल बसतो मागेच. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "हो बघा, सापडलो."

तेव्हापासून मी एक वेळ जेवायला लागलो. सकाळी पेज, मग काही नाही. चंद्राकाकी ताट समोर ठेवायची, मी ते बाजूला सारायचो. "मेल्या, होडयेसाठी उपास करतंस?" ती म्हणायची. "होडी काय तुझी आवस आसा, जन्म दिलेली?" आठ दिवसांत माझं वजन तीन किलो उतरलं. होडी आणखी एक बोट मागे बसली.

मग काकीने होडीची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. त्यांचा ठसका अख्ख्या वाडीला लागला, शेजारच्या दोन घरांनी भांडण काढलं, होडी होती तिथेच. दिनूने मागचा एक तुळईचा तुकडा बदलून हलकं लाकूड घातलं. त्या कामात त्याची एक लांब फळी नाहीशी झाली. चोर म्हणून त्याने पास्कूचं नाव घेतलं, पास्कूने दिनूच्या तीन पिढ्यांचं. दुसऱ्या दिवशी ती फळी माझ्या होडीलाच टेकवलेली सापडली आणि प्रकरण मिटलं, पण दोघंही दोन दिवस एकमेकांकडे बघून थुंकत होते.

घरात आणखी एक विचित्र गोष्ट चालू होती. बाबा रोज भर दुपारी काठी घेऊन बाहेर पडायचे. किनाऱ्याच्या टोकावर राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे: काळ्या धोंड्यांची एक जुनी रास. ते त्या वाटेला जायचे आणि तास-दीड तासाने परत यायचे. धोतराला गुडघ्यांवर लाल माती. शेवंतीने विचारलं, "मामंजी, पडलात काय?" तर म्हणाले, "फिराक गेलेलंय." काकी मला म्हणाली, "तुझ्या होडयेन तेंचा डोक्या फिरवल्यान." मला ते खरंच वाटलं आणि वाईटही वाटलं. पण मीही इरेला पेटलो होतो.

आता एक कबूल करतो. त्या अठरा दिवसांत मी होडी इंच न् इंच तपासली. एक जागा सोडून. अगदी मागे, जिथे तांडेल पाय ठेवून बसतो, तिथली फळी मी उचलली नाही. कुणाला ते खटकलंही नाही. एकदा मी नुसता तिथे वाकलो, तर पाण्यात उभी असलेली शेवंती ओरडली, "थंय जाव नकात, मुंगळे आसत!" पास्कू म्हणाला, "थंय हात घालू नको, डिझेल सांडलाहा." दिनूने तर शपथ घेतली की त्या फळीखाली त्याने स्वतः पाहिलंय, काय्येक नाय. मला त्या सगळ्यांचे उपकारच वाटले.

पुनव उजाडली. तिसऱ्या प्रहरी अख्खी वाडी किनाऱ्यावर जमली. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, ढोल, नवी लुगडी, आणि भरतीला लागलेलं पाणी. बाकीच्या होड्या रंगवून, पताका लावून उभ्या होत्या. माझीही रंगवलेली होती, निळी आणि पांढरी. तिचं नाक आभाळाकडे आणि पाठ पाण्यात. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ती शिंकायच्या बेतात आहे.

बाबा आले. एका उपड्या टोपलीवर बसले, काठी मांडीवर आडवी. दिनू चहाची बशी घेऊन पाण्यात उतरला आणि त्याने ती मधल्या फळीवर ठेवली. चहा मागे सरकला.

"किती?" कुणीतरी विचारलं.

"सहा," दिनू पुटपुटला.

मी शेवंतीकडे पाहिलं. मनातल्या मनात मी ट्रंक भरायला घेतली होती, बूट शोधत होतो. तेवढ्यात शेवंतीने पदर खोचला आणि नव्या लुगड्यासकट सरळ पाण्यात चालत गेली. तिने मागची फळी उचलून बाजूला टाकली, खाली हात घातला, चाचपलं, आणि सोललेल्या नारळाएवढा नव्हे, न सोललेल्या नारळाएवढा काळा धोंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून बाहेर काढला. ती रडत होती.

"हो माझो," ती म्हणाली. "मी ठेवलेलो. आता सांगल्यार काय होता ता माका होवंदे."

हे समजायला आमच्या वाडीची एक रीत ठाऊक हवी. ज्याच्या जिवाची काळजी वाटते, त्याच्या होडीत राखणदाराच्या राशीतला एक धोंडा ठेवायचा. तांडेलाच्या पायाखाली, डोळे मिटून, तोंडातून शब्द न काढता. लहान धोंडा चालत नाही; दोन हातांनी उचलावा लागेल एवढा हवा. ठेवला हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की राखण उतरते. आणि ज्याने ठेवला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

होडी बोटभर वर आली.

दिनूने घसा खाकरला. बशी पास्कूच्या हातात दिली आणि खाली मान घालून मागे गेला. "माझ्या हातची होडी," तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "बुडली असती तर लोकांनी माका काय म्हटला असता?" त्याने एक धोंडा काढला. शेवंतीच्या धोंड्यापेक्षा मोठा.

"मेल्या, तूच सांगलंस थंय काय्येक नाय म्हणान!" मी ओरडलो.

"डोळे मिटलेले माझे," दिनू म्हणाला. "माका काय दिसला नाय."

पास्कूने बशी काकीकडे दिली. त्याचा धोंडा वर आला तेव्हा त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रूस काढलेला होता. लोक हसले. पास्कू लाल झाला. "इंजिन परत आणलंय तेच्या आदल्या दिवशी ठेवलंय," तो म्हणाला. "राखणदार तुमचो असलो म्हणान काय झाला? दर्या सगळ्यांचो."

काकीने बशी माझ्या हातात कोंबली. "हसतास कित्याक?" ती गर्दीवर डाफरली. "झीलासारखो वासू, वाळाक लागलो. बघवना माका." आणि तिने आपला धोंडा काढला. वय झालेलं, कमरेत वाकलेली, पण कुणालाही हात लावू दिला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडी जेवढी मागे बसे, तेवढी ही माणसं घाबरत. घाबरली की गुपचूप टोकावर जाऊन एकेक धोंडा आणत. त्याने होडी आणखी मागे बसे. आणि होडी का बसते हे शोधायला मी त्यांनाच बोलावत होतो. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. एवढी माणसं माझ्यासाठी उन्हापावसात धोंडे वाहत होती आणि मी त्यांच्यावर खेकसत होतो.

"आता सगळे बोललेच आसत," पास्कू म्हणाला, "तर आणखी कोणाचो?"

मी बशी दिनूकडे दिली, मागे गेलो आणि माझा धोंडा काढला.

त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा पिकला तो तेव्हा. तांडेलाने स्वतःसाठी राखण ठेवायची म्हणजे घाबरटपणाची हद्द. होडी आली त्याच दिवशी मी तो ठेवला होता. समुद्राच्या ओढीने नोकरी सोडली म्हणून सगळ्यांना ऐकवत होतो, पण बाळकाकांची लाट मी एकही दिवस विसरलो नव्हतो. ती फळी मी उघडली नव्हती ती एवढ्यासाठी. एका धोंड्याने काय होतंय, असं मी म्हणत होतो. तसंच सगळे म्हणत होते.

दिनूने बशी ठेवली. चहा अजूनही मागेच सरकला. दोन बोटं.

मी वाकून बघितलं. आत आणखी एक धोंडा होता. तो दोन हातांत मावणारा नव्हता. चांगला पाट्याएवढा, गोणपाटात गुंडाळून सुंभाने बांधलेला.

"हो कोणाचो?" मी विचारलं. कुणी पुढे आलं नाही. मी हात घालणार एवढ्यात काकीने माझ्या मनगटावर चापट मारली. "दुसऱ्याचो धोंडो काढूचो नाय!"

मागे काठीचा आवाज झाला. बाबा उठले होते. गर्दीने वाट दिली. गुडघ्यावरची लाल माती, दुपारचं फिरणं, दिनूची हरवलेली फळी, सगळं मला एकदम दिसलं. एका हाताने, गोणपाटात बांधून, रोज थोडं थोडं ओढत त्यांनी तो टोकावरून आणला होता. आणि शेवटी फळी टेकवून होडीत चढवला होता.

माझं डोकं फिरलं. "शेवंती," मी ओरडलो, "तेंका विचार, माका हरवूक ठेवल्यानी काय?"

शेवंतीने तोंड उघडलं, पण बाबांनी काठी उचलून तिला थांबवलं. ते पाण्यात आले. चौदा वर्षांनी त्यांच्या पायाला समुद्राचं पाणी लागलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. काकीकडे बघत होते.

"बाळग्याच्या टायमाक तू ठेवलेलो, चंद्रा," ते म्हणाले. "माका सापडलो. होडी मागे बसता म्हणान मी तो काढलंय नि दर्यात टाकलंय. तेच्या दुसऱ्या दिवशी..." त्यांनी काठी पाण्याखालच्या वाळूत रोवली. "तेव्हा काढलंय. म्हणान आता ठेवलंय."

मी काकीकडे बघायला घाबरलो.

काकीने आपला धोंडा होडीच्या कडेला टेकवून एका हाताने धरला होता. "माका म्हायत होता, भावजी," ती म्हणाली. "चौदा वर्सां एका घरात भात वाढतंय तुमका. माका म्हायत नसात?" मग म्हणाली, "लाट इली. धोंडो काय करतलो होतो?"

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"वासू," ते म्हणाले. चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून माझं नाव आलं होतं. "हात लाव. माझो एकच चलता."

"काढूचो?"

"एकदा काढलंय ता पुरे झाला. फुडे सरकव."

आम्ही दोघांनी तो धोंडा उचलला. त्यांचा एक हात आणि माझे दोन. पाण्यातून होडीच्या कडेने चालत चालत तो पुढे नेला आणि नाकाजवळच्या फळीखाली ठेवला. दिनूने बशी ठेवली. चहा हलला, जरासा मागे गेला आणि थांबला.

"अजून अर्धा बोट," दिनू म्हणाला. त्याला गप्प बसवणं कुणालाच कधी जमलं नाही.

बाबांनी काठी काकीकडे दिली. मग होडीची कड धरून, एक पाय आत टाकून, कुणाचीही मदत न घेता ते चढले आणि पुढच्या फळीवर, बरोबर धोंड्याच्या वर, समुद्राकडे तोंड करून बसले.

"आता बघ," ते म्हणाले.

चहा बशीच्या मधोमध थांबला.

त्यानंतर नऊ हंगाम बाबा माझ्याबरोबर आले. पुढे बसायचे, माझ्याकडे पाठ करून. घरात आले की जुन्या सवयीने पुन्हा "शेवंते, तेका सांग" सुरू व्हायचं. पण होडीत शेवंती नसल्यामुळे त्यांना माझ्याशीच बोलावं लागे. कुठे वारा बदलतो, कुठल्या खडकाजवळ जाळं अडकतं, बाळकाका लहानपणी कसा होता, सगळं ते पाठमोरे सांगायचे आणि मी मागे सुकाणू धरून ऐकायचो.

दहाव्या वर्षी, उन्हाळ्यात, ते घरीच गेले. जेवून ओट्यावर कलंडले आणि उठले नाहीत.

त्या वर्षीच्या पुनवेला होडी पाण्यात लोटली. दिनू आला होता. आता त्याला वाळूत पालथं पडता येत नव्हतं. त्याने मधल्या फळीवर बशी ठेवली. चहा मागे सरकला आणि सांडला. मग उरलेला चहा त्याने मला दिला.

"फुडे वजन होया," तो म्हणाला.

"म्हायत आसा," मी म्हटलं.